पाण्यावर उतरणारं विमान

कोणतीही वस्तू हातात आली की आमचे शेजारी आधी ती डोळ्यासमोर आडवी धरत, डावा डोळा मिटत आणि उजव्याने तिच्या कडेवरून लांबवर बघत. झाडूचा दांडा असो, फूटपट्टी असो, नाहीतर बाजारातून आणलेली शेवग्याची शेंग. मग डोळा उघडून शांतपणे निकाल देत, "थोडं तिरपं आहे."

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप हातात घेण्याआधी त्यांनी माझ्या पुस्तकांच्या फळीकडे असंच बघितलं. "बाई, तुमची फळी उजवीकडे उतरलीय." मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, म्हणून ते मला बाई म्हणत. पुस्तकं उंचीप्रमाणे लावणारी, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी मी. मला राग आला. तुमचे आजोबा मात्र खूश झाले. म्हणाले, "चला, हिच्या वरताण कोणीतरी भेटलं."

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्या आईबाबांना विचारलंत तर ते 'विमानवाले काका' एवढंच सांगतील. ती माणसं आता नाहीत आणि हैदराबादच्या विद्यानगरचं ते घरही पाडून तिथे फ्लॅट झाले आहेत. म्हणून लिहून ठेवते.

आमच्या घराच्या कंपाउंडला लागूनच त्यांचं घर होतं. मूळचे ते परभणीकडचे. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, आणि तिच्यापुढे वाहिलेलं फूलसुद्धा बरोबर मध्यावर. वैशाखी पौर्णिमेला विमलताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भिंतीवरून खिरीचं पातेलं द्यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, साखर कमी वाटली तर सांगू नका. यांनी मोजून घातलीय." मूलबाळ नव्हतं. त्याची खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. दोघांचं एकमेकांशी बोलणं मात्र दिवसभर चाले, आणि निम्मं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई.

एका सरकारी कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. मोठ्या उतरत्या फळीवर कागद ताणून यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे, हे त्यांचं काम. मग देशाचे दरवाजे उघडले, बाहेरचा माल आला, संगणक आले आणि कारखान्याने वयस्क माणसांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. "स्वेच्छा कसली, बाई?" ते म्हणाले. "दार उघडून धरलं आणि म्हणाले, आता तुमच्या इच्छेने जा." फळ्या भंगारात निघाल्या होत्या. स्वतःची फळी त्यांनी मागून घेतली आणि सायकलरिक्षात उभी करून, तिला धरून, घरी आणली. विमलताई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सवत आली का? या, या."

विमान त्याच्या आधीपासूनच होतं. बाल्सा नावाच्या, कापसासारख्या हलक्या लाकडाचं, वर कागद ताणून लाल रंग दिलेलं. पंख आमच्या दाराएवढे रुंद. नाकात एक छोटं इंजिन, चिडलेल्या शिवणयंत्रासारखं ओरडणारं. रविवारी विद्यापीठाजवळच्या मोकळ्या जागेत ते रिमोटने उडवत. उडायचं फार सुंदर. पण हैदराबादची जमीन म्हणजे खडक. उतरताना चाक मोडे, नाहीतर पंख फाटे. घरी आल्यावर विमलताई फाटल्या जागी पातळ कागदाचं ठिगळ लावत आणि म्हणत, "तुम्ही उडवा, मी शिवते."

आता विमलताईंची गोष्ट. लग्न झाल्यावर पहिल्यांदा हैदराबादला आल्या तेव्हा विमानवाले त्यांना तलाव दाखवायला घेऊन गेले. त्यांच्या गावाकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकणारा तुकडा. एवढं पाणी बघून त्या गप्पच झाल्या. नव्या नवऱ्याला वाटलं, आपण काहीतरी भारी बोलावं. ते म्हणाले, "पाण्यावर उतरणारी विमानंपण असतात. बगळा बसावा तशी येऊन बसतात." विमलताई म्हणाल्या, "खोटं." तेव्हापासून तो त्यांच्या संसारातला कायमचा वाद होता. काही पटलं नाही की त्या म्हणत, "हौ हौ, तुमचं विमानपण पाण्यावर उतरतंय."

एका वर्षी विमलताई दारांच्या चौकटींना खांदे आपटू लागल्या. आधी आम्ही हसलो. मग त्या जिन्याच्या कडेला ठेवलेल्या बादलीवर पडल्या आणि विमानवाले त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. काचबिंदू होता, आणि बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, औषधाचे थेंब घालून राहिलेली फक्त थोडी जास्त टिकवता येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. विमलताईंनी मला समजावलं ते असं: "कडा जातात, बाई. मधलं राहतं. बांगडीतून बघावं तसं दिसतं. आणि बांगडी लहान होत जाणार आहे."

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला. रडत नव्हत्या. ठणकावून सांगत होत्या, "काशी नको, मथुरा नको, मला कुठेच नेऊ नका. ते तुमचं पाण्यावरचं विमान तेवढं दाखवा. नाहीतर मी मरेपर्यंत खोटंच म्हणेन."

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले.

विमानाची चाकं काढून तिथे दोन लांबट, पोकळ होड्या बसवायच्या असतात. त्यांना फ्लोट म्हणतात. विमलताईंनी चित्र अगदी डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे विमानाच्या खडावा." मग आमच्या दोन्ही घरांत खडावाच झालं. प्रत्येक खडावेच्या तळाला मध्यावर एक छोटी पायरी ठेवावी लागते. का, म्हणून मी विचारलं. "पाणी चिकट असतं, बाई," ते म्हणाले. "धरलं की सोडत नाही. ही पायरी असली की विमानाला सुटता येतं."

पूर्वी बाल्सा मिळवायचं म्हणजे परदेशातून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेची वाट बघावी लागे. आता सुलतान बाजारात, पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीतल्या एका चाचांकडे त्याच्या पट्ट्या मिळू लागल्या होत्या. मी एकदा बरोबर गेले होते. विमानवाल्यांनी प्रत्येक पट्टी उचलून, डोळा मिटून बघायला सुरुवात केली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

चाचा म्हणाले, "क्या साब, लकडी ले रै के लडकी पसंद कर रै?"

"दोनो में जल्दी नक्को करना, चाचा," ते म्हणाले आणि पुढची पट्टी उचलली.

पण पट्ट्या आणल्या म्हणजे काम सुरू झालं असं नव्हतं. "आधी जिग," ते म्हणत. जिग म्हणजे एका सपाट फळीवर पक्के बसवलेले ठोकळे आणि खाचा. लाकडाचे नाजूक तुकडे त्यांत उभे करायचे, चिकटवायचे आणि गोंद वाळेपर्यंत हलू द्यायचे नाहीत. दोन्ही खडावा एकाच जिगवर केल्या तर जुळ्या होतात. त्या जुळ्या आणि सरळ नसल्या तर विमान पाण्यावर गोल गोल फिरत राहतं, उठतच नाही. त्यांनी आपली कारखान्यातली फळी टेबलावर मांडली, तिच्यावर मधली रेघ मारली आणि ठोकळे बसवायला घेतले. एकेक ठोकळा लावायचा, गुण्याने काटकोन तपासायचा, काढायचा, परत लावायचा. पावसाळा संपत आला तरी जिगच चालली होती.

तुमचे आजोबा भिंतीवरून विचारत, "काय साहेब, विमान कुठवर आलं?"

"होईल, होईल. कुणाला घाई आहे?"

एकदा आतून विमलताईंचा आवाज आला. "मला आहे."

आजोबा उगीचच पेरूच्या झाडाकडे बघत राहिले.

दिवाळीच्या सुमारास पहिली जोडी झाली. खडावेची वरची बाजू सपाट असते. ती खाली करून त्यांनी एक खडाव शहाबादी फरशीवर ठेवली आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं. ती डुलली. दुसरी ठेवली, तीही डुलली. जिगवर परत ठेवल्या तर दोन्ही गप्प बसल्या. त्यांनी जाहीर केलं की फरशी तिरपी आहे. मग त्या आमच्या घरी आणून आमच्या फरशीवर ठेवल्या. तिथेही डुलल्या. तेव्हा लाकूड ओलं होतं असं ठरलं. दुसरी जोडी केली. ती डुलली तेव्हा गोंद खराब निघाला. तिसरीच्या वेळी त्यांनी चाचांशी कडाक्याचं भांडण केलं. चाचा म्हणाले, "साब, मेरी लकडी सीधी है, आपका नसीब टेढा होंगा," आणि वर चहा पाजला.

तो सगळा हिवाळा असा गेला. "आता बांगडी नाही, अंगठी आहे," विमलताई मला म्हणाल्या. त्या स्वयंपाक अंदाजाने करू लागल्या होत्या. मोहरी तडतडली की कानाने ओळखायच्या. दुपारी नवऱ्याजवळ बसून, फळीवर टोचलेल्या टाचण्या बोटांनी चाचपून काढायच्या आणि डबीत भरायच्या. ते म्हणत, "राहू दे, टोचेल." त्या म्हणत, "टोचली तर कळेल तरी कुठे आहे ते."

अशाच एका दुपारी मी वाटीभर आंबाडीची भाजी घेऊन गेले होते. चौथ्या जोडीची तयारी चालली होती. विमलताईंचा तळहात फळीवरून सावकाश फिरत होता. एका कोपऱ्याशी थांबला, मागे गेला, परत तिथेच आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही फळीच इथे उचललीय."

ते पट्टी कापत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला काय दिसतंय त्यातलं?"

वाक्य साधं होतं. कोणताही नवरा कोणत्याही बायकोला दिवसातून चारदा म्हणतो ते. विमलताईंनी हात उचलून मांडीवर ठेवला. नवऱ्याचं कापणं चालूच होतं, आणि मग एकदम थांबलं. आपण काय बोललो ते तेव्हा त्यांच्या कानावर पडलं असावं. त्यांनी चाकू खाली ठेवला. मग उठून लोखंडी पट्टी आणली, फळीवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी उभी धरली आणि खाली वाकले. मीही वाकले. पट्टीच्या खालून खिडकीतला उजेड येत होता.

फळी पिळली होती. घरी आणल्यावर एक पावसाळाभर ती न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभी होती, तेव्हाच पिळली असणार. सगळ्या जगाचा सरळपणा तपासणाऱ्या या माणसाने ती एक वस्तू तेवढी कधी तपासली नव्हती. जन्मभर तिच्यावर रेघा मारल्या होत्या. घरातल्या माणसाला काय तपासायचं?

त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "विमल, सगळा हिवाळा गेला."

विमलताई म्हणाल्या, "भाजी कसली आणलीत, बाई? आंबाडीचा वास येतोय." मग त्यांच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "ओटा घ्या माझा. कडप्प्याचा आहे, तो नाही पिळायचा. मी खाली करीन स्वयंपाक."

आणि खरंच ओटा रिकामा झाला. स्टोव्ह जमिनीवर आला, आणि दोन्ही वेळचं जेवण बहुतेक आमच्याकडे. आजोबा म्हणत, "विमलताई, तुमच्या ओट्यावर विमानतळ झालं. आता पोळ्यांना उतरायला जागा नाही." त्या हसत. काळ्या कडप्प्यावर नवी जिग उभी राहिली, आणि या वेळी भराभर. आता मधली रेघ ते मारत आणि काटकोन त्या बोटांनी बघत. "थोडं माझ्याकडे," त्या म्हणत. "अजून. बस." त्यांनी विमलताईंचं एकही माप परत तपासलं नाही.

ही जोडी फरशीवर ठेवली तेव्हा हलली नाही. त्यांनी तिला पिवळा रंग दिला, का तर विमलताईंना पिवळा अजून कळत होता. रंग वाळल्यावर एक खडाव त्यांनी विमलताईंच्या चेहऱ्यासमोर धरली. विमलताईंची नजर आधी तिच्या एका बाजूला गेली, मग दुसऱ्या बाजूला, आणि मग सापडली. "छान पिवळा आहे," त्या म्हणाल्या.

उन्हाळा तोंडावर आला होता. एका सकाळी आजोबांनी आमची जुनी गाडी काढली आणि आम्ही चौघं शहराबाहेरच्या एका तलावावर गेलो. विमानाचे पंख सगळ्या रस्त्याने विमलताईंच्या मांडीवर होते. त्या हळदी रंगाची साडी नेसल्या होत्या आणि लग्नाला निघाल्यासारखी वेणी माळली होती. तलावात म्हशी डुंबत होत्या. त्यांच्या राखणदाराने हे काय आहे म्हणून काठावरून तेलुगूत ओरडून विचारलं, "एमिटिदि, सार?" विमानवाले म्हणाले, "विमानम्." तो हसला आणि तिथेच बसला.

त्यांनी विमलताईंना बांधावरच्या एका दगडावर बसवलं, खांदे धरून त्यांचं तोंड वळवलं. "समोर बघ. दोन ताडाची झाडं आहेत ना, त्यांच्या अलीकडे उतरवतो. तिथून नजर हलवू नकोस."

"हौ, दिसतायत ताडं," विमलताई म्हणाल्या.

इंजिन ओरडलं. विमान पाण्यावरून धावत सुटलं, मागे पांढरी रेघ, आणि मग ती रेघ मधेच संपली. पाण्याने सोडलं होतं. लाल विमान, खाली पिवळ्या खडावा, म्हशींच्या डोक्यावरून वर गेलं. पाण्यावर उतरणारी विमानं मी चित्रांत पुष्कळ पाहिली होती. पण माझ्याही अंगावर काटा आला. विमान ताडांच्या वरून एक फेरी घालून परत फिरलं. उतरवताना ते नेहमी इंजिन बंद करत आणि विमान नुसतं तरंगत खाली आणत. तसं त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

त्या शांततेत विमलताईंनी टाळ्या वाजवल्या.

"उतरलं! अहो, उतरलं की! बाई, पाहिलंत?"

विमान अजून हवेत होतं. ताडांच्या शेंड्याएवढ्या उंचीवर, आवाज न करता, सावकाश येत होतं. विमलताईंचा चेहरा समोरच होता, त्यांनी वळवून दिला होता तसाच. डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

विमानवाल्यांनी मान वळवली नाही. त्यांचे अंगठे रिमोटवर तसेच हलत राहिले. विमान खाली आलं, खडावा पाण्याला लागल्या, दोन बारीक रेघा उमटल्या आणि ते थांबलं. बगळाच.

"हौ," ते म्हणाले. "उतरलं."

"मी खोटं म्हणत होते."

"म्हणत होतीस."

"आता नाही म्हणणार."

मग ते पॅन्ट गुडघ्यांपर्यंत दुमडून विमान आणायला पाण्यात गेले. विमान हातात आल्यावरही ते लगेच वळले नाहीत. आमच्याकडे पाठ करून, मांडीएवढ्या पाण्यात, दुमडलेली पॅन्ट भिजत उभे राहिले. विमलताईंनी विचारलं, "कुठे आहेत हे?" मी म्हटलं, "येतायत." आल्यावर त्यांनी विमान पत्नीच्या मांडीवर ठेवलं. विमलताईंनी खडावांवरून हात फिरवला आणि ओली बोटं गालाला लावली.

त्या संध्याकाळी मी फाटकाशी उभी होते तेव्हा ते भिंतीशी आले.

"टाळी लवकर वाजली, बाई."

मी मान हलवली.

"मला कळलं, हे तिला कळू देऊ नका. फार हौसेने वाजवली तिने." मग म्हणाले, "दिवाळीला उतरलं असतं तर दिसलं असतं तिला. दिवाळीत दिसत होतं. फळीच्या कडेवरून एकदा बघितलं असतं, बस." आणि आत गेले.

त्यानंतर विमान उडालं नाही. विमलताईंनी कधी उडवायला सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विषय काढला नाही. दोघं रोज संध्याकाळी हात धरून फिरायला जात. वाटेत काय काय आहे ते विमानवाले सांगत असत: कोणाच्या गच्चीवर नवी डिश बसली, कोणत्या भिंतीला कसला रंग लागला. विमलताई ऐकत आणि म्हणत, "रंग उगीच सांगताय. मला काय, घर विकत घ्यायचंय?"

पुढे दोन-तीन वर्षांतच ते गेले. सकाळी दूध आणायला फाटकातून बाहेर पडले आणि दुधाच्या बूथवरच कोसळले. हृदय. लोकांनी घरी आणलं तेव्हा विमलताई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या पावलांच्या आवाजाची वाट बघत होत्या, आणि आली ती भलतीच बरीच पावलं.

सगळे पाहुणे गेल्यावर, नांदेडची बहीण त्यांना घेऊन जायला येणार होती त्याच्या आदल्या दिवशी, मी त्यांच्याजवळ बसले होते. खोलीत विमान नव्हतं. त्यांनी ते आधीच कपड्यांत गुंडाळून पेटीत भरलं होतं. बराच वेळ त्या नांदेडच्या उन्हाळ्याबद्दल बोलल्या. मग माझा हात चाचपून धरला.

"बाई, एक विचारू? तलावावर, त्या दिवशी." थांबल्या. "मला नव्हतं दिसलं. ताडंसुद्धा नाही. नुसता उजेड होता. आवाज बंद झाला, मला वाटलं उतरलं. त्यांना कळलं होतं का हो?"

मुलांनो, मी आयुष्यभर वर्गात उभं राहून मुलींना सांगत आले की जे घडलं तेच लिहावं, तेच बोलावं.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना काही कळलं नव्हतं. फार खुशीत होते."

"बरं झालं," विमलताई म्हणाल्या. "एवढी मेहनत केली होती त्यांनी."

बाहेर कोणाच्या तरी फाटकाची कडी वाजली. त्यांनी झटकन त्या बाजूला तोंड वळवलं, अगदी बरोबर त्याच बाजूला, आणि पुढच्या पावलांसाठी कान देऊन राहिल्या. मग सावकाश माझ्याकडे वळल्या.